अनलिमिटेड प्लॅन घेतल्यावर घरचे इंटरनेट मंदावले तर: तक्रारीआधीची तपासणी आणि तक्रारीची रीत

मोजक्या डेटाचा जुना प्लॅन सोडून अनलिमिटेड प्लॅन घेतला की इंटरनेट आणखी चांगले चालेल, अशी आपली साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक घरांत उलटे घडते. संध्याकाळी टीव्हीवरचे चित्र अडकू लागते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो आणि मुलांची गेम मध्येच थांबते. कस्टमर केअरला फोन केला की राउटर बंद करून चालू करायला सांगतात, केबलवाल्याला विचारले की तो ‘वरूनच प्रॉब्लेम आहे’ म्हणतो, आणि राउटर विकणारा दुकानदार नवा राउटर घ्यायला सुचवतो. यांपैकी कोणाचेही म्हणणे खरे असू शकते, पण मोजल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

मी या फेऱ्यातून एका स्थानिक पुरवठादाराच्या जोडणीबाबत गेलो आहे. त्यातून जी पद्धत हाती आली ती इथे क्रमाने देत आहे. तिच्यामागचे तत्त्व एकच आहे: इंटरनेटच्या वाटेचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. पहिला तुकडा कागदावरचा, म्हणजे प्लॅनच्या अटींचा. दुसरा पुरवठादाराकडून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंतच्या फायबरचा आणि तिसरा त्या डब्यापासून तुमच्या मोबाइल-टीव्हीपर्यंतचा. तुकडे वेगळे न करता केलेली तक्रार बहुधा ‘सर, आमच्याकडून स्पीड ओके दिसतोय’ या वाक्यावर संपते.

हा लेख घरात फायबर आलेल्या जोडणीसाठी आहे. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर ५जीचे यंत्र बसवून मिळणाऱ्या इंटरनेटला प्लॅन, वायफाय आणि तक्रारीचे भाग लागू पडतात, पण फायबरचा भाग लागू होत नाही. तिथे यंत्राची दिशा आणि टॉवरवरचा भार या गोष्टी पाहाव्या लागतात.

हाताशी काय असावे

- लॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर लावायची जागा, असलेला लॅपटॉप किंवा संगणक. पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा गिगाबिट लॅन अडॅप्टर.
- कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची, दोन्ही टोकांच्या क्लिपा शाबूत असलेली छोटी लॅन केबल.
- मागील दोन महिन्यांची बिले किंवा रिचार्जच्या पावत्या, आणि नव्या प्लॅनबद्दल आलेला एसएमएस किंवा ईमेल.
- ग्राहक क्रमांक आणि नोंदणीकृत मोबाइल.
- जोडणी पीपीपीओई प्रकारची, म्हणजे राउटरने लॉगिन केल्यावरच सुरू होणारी असेल, तर तिचे यूजरनेम व पासवर्ड. हे बसवणाऱ्या मुलाकडेच राहते आणि तो नोकरी सोडून गेला की पंचाईत होते, म्हणून आजच मागून लिहून ठेवा.
- एक वही. मोबाइलमधले स्क्रीनशॉट उपयोगी पडतातच, पण तारीख, वेळ, वायरने की वायफायने आणि किती वेग, अशी चार रकान्यांची नोंद तक्रारीच्या वेळी जास्त कामाला येते.

१. प्लॅनच्या अटी आधी वाचा

‘अनलिमिटेड’ हा शब्द डेटाबद्दल असतो, वेगाबद्दल नसतो. जुना प्लॅन १०० एमबीपीएस वेगाचा आणि ठरावीक जीबीचा असेल, आणि त्याच पैशांत मिळणारा नवा अनलिमिटेड प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल, तर वेग कमी होणारच; त्यात बिघाड काहीच नाही. विक्री करताना या आकड्यावर बोट ठेवले जात नाही, म्हणून तो स्वतः पाहावा.

दुसरी अट रास्त वापराच्या मर्यादेची, म्हणजे बोलीभाषेतल्या एफयूपीची. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास आढळते. हिशेब केला तर दिवसाला ११० जीबी होतात. टीव्हीवर ४के चित्र तासाला साधारण ७ जीबी खाते, म्हणजे रोज पंधरा तास ४के पाहिले तरच ती मर्यादा संपेल. साध्या कुटुंबाला ती त्रास देत नाही. मात्र लहान पुरवठादारांच्या आणि स्वस्त प्लॅनच्या मर्यादा यापेक्षा बऱ्याच कमी असतात, आणि त्या ओलांडल्यावर वेग थेट काही एमबीपीएसवर येतो. महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे सुरळीत आणि शेवटचा आठवडा रखडत, असा तुमचा अनुभव असेल तर सर्वांत आधी याच अटीवर संशय घ्यावा.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशाने पुरवठादारांवर काही बंधने घातली आहेत. कोणत्या मर्यादेपर्यंत किती वेग आणि त्यानंतर किती, हे प्लॅनसोबत स्पष्ट सांगणे त्यांना आवश्यक आहे. मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही, असेही त्याच निर्देशात आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच बदलून किमान वेग २ एमबीपीएस करण्यात आला. तेव्हा ‘मर्यादेनंतरचा वेग किती?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, आणि उत्तर तोंडी न घेता एसएमएस किंवा ईमेलवर मागा.

इथेच एका गोंधळाचा निकाल लावून टाकू. प्लॅनमधला वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो; संगणकावर फाइल उतरताना दिसणारा आकडा मात्र मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट या वेगाने उतरेल. पडद्यावर ‘११’ पाहून शंभरऐवजी अकराच मिळतात अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. त्यांची जोडणी उत्तम चाललेली असते.

२. नवा प्लॅन खरोखर लागू झाला आहे का, ते पाहा

पैसे भरल्याचा एसएमएस म्हणजे प्लॅन लागू झाल्याचा पुरावा नव्हे. कित्येक पुरवठादार बिलाचे चक्र संपल्यावरच नवा प्लॅन सुरू करतात. मधल्या काळात जुन्या प्लॅनचा डेटा संपला असेल तर तुम्ही अनलिमिटेडच्या भरवशावर वापर वाढवता आणि प्रत्यक्षात जुन्या प्लॅनच्या उरलेल्या, मंद वेगावर चालत असता. पुरवठादाराच्या ॲपमध्ये ‘चालू प्लॅन’ आणि त्याची सुरुवातीची तारीख दिसते, ती बघा.

तारीख योग्य असूनही वेग जुनाच असेल तर कारण तांत्रिक असू शकते. वेगाची मर्यादा तुमच्या खात्यावर पुरवठादाराच्या सर्व्हरमध्ये नोंदलेली असते, आणि पीपीपीओई जोडणीत ती बहुधा नवे सत्र सुरू होतानाच लागू होते. तुमचा राउटर इन्व्हर्टरवर असेल आणि आठवडेच्या आठवडे बंदच झाला नसेल, तर जुने सत्र जुन्याच वेगाने चालू राहते. म्हणून राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा आणि मग चालू करा. लगेच चालू केल्यास सर्व्हरवर जुने सत्र जिवंत राहण्याची शक्यता असते. कस्टमर केअरचा तो ठरलेला सल्ला या एका बाबतीत खरोखरच उपयोगी आहे, फक्त तो का द्यायचा हे फोनवरच्या माणसालाही सांगितलेले नसते.

त्यानेही फरक पडला नाही तर फोन करून नेमके एवढेच विचारा: ‘माझ्या खात्यावर या क्षणी कोणती स्पीड प्रोफाइल लागलेली आहे?’ ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला ठरीव उत्तर मिळते. प्रोफाइलचा प्रश्न विचारला की समोरच्याला सिस्टीममध्ये पाहावेच लागते.

३. वायर लावून मोजा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. वायफाय पूर्ण बाजूला ठेवून लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडायचा आणि वेग मोजायचा.

मोजण्यापूर्वी लॅपटॉपचे वायफाय बंद करा, ऑफिसचे व्हीपीएन चालू असेल तर ते तोडा, आणि घरातले इतर मोबाइल-टीव्ही पाच मिनिटांपुरते जोडणीवरून काढा. मग ऊकलाची स्पीडटेस्ट किंवा नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम वापरून मोजणी करा. दोन्ही वापरणे अधिक चांगले, कारण स्पीडटेस्ट बहुधा तुमच्याच पुरवठादाराचा किंवा शहरातला जवळचा सर्व्हर निवडते आणि तेवढ्या छोट्या अंतरावर आकडा झकास येतो. स्पीडटेस्टमध्ये सर्व्हर बदलायची सोय आहे. मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा एखादा सर्व्हर निवडून पुन्हा मोजा. स्वतःच्या सर्व्हरवर शंभर आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर वीस असा फरक सातत्याने दिसला, तर अडचण पुरवठादाराच्या बाहेर जाणाऱ्या क्षमतेत आहे.

वायरवर मिळालेल्या आकड्याचा अर्थ असा लावावा. तो प्लॅनच्या जवळपास असेल तर पुरवठादाराची बाजू त्या वेळेपुरती ठीक आहे. पायरी चारकडे जा. तो बराच कमी असेल तर पायरी सहा आणि सात पाहा. आणि तो ९४-९५ वर येऊन अगदी स्थिर थांबत असेल, प्लॅन मात्र १५० किंवा २०० चा असेल, तर दोष जवळजवळ नक्की वायरमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे.

या ९५ च्या आकड्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी त्यांतल्या दोनच लागतात, गिगाबिटसाठी, म्हणजे १००० एमबीपीएससाठी, चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकाच्या पारदर्शक प्लगमध्ये नीट बसली नाही तर जोडणी बंद पडत नाही. ती निमूटपणे १०० वर उतरते, आणि डेटासोबत जाणाऱ्या जादा माहितीचा वाटा वजा होऊन ९४-९५ हाती येतात. जुना प्लॅन ५० किंवा १०० चा असताना हा दोष कळतच नाही. प्लॅन वाढवल्यावर तो उघडा पडतो. प्लग हातात घेऊन उजेडात धरा: आठही तारांची टोके पिनांखाली अगदी पुढच्या भिंतीपर्यंत पोचलेली दिसली पाहिजेत. क्लिप मोडलेली असेल तर प्लग पोर्टमध्ये हलतो आणि पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा जोडणी तुटत-जुळत राहते.

दुसरा संशयित म्हणजे राउटर. खोक्यावर ‘एसी १२००’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या अनेक स्वस्त राउटरचे लॅन आणि वॅन (बाहेरून येणारी जोडणी लावायचा) पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. बाराशे हा आकडा वायफायच्या दोन बँडची कागदावरची बेरीज आहे. राउटरची तपशीलवार माहिती काढून पोर्टसमोर गिगाबिट लिहिले आहे का, एवढेच पाहावे.

नवी केबल विकत घेताना तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल गळ्यात मारली जाते. दुकानात ती ‘सीसीए’ म्हणून ओळखतात. लांब अंतरासाठी ती घेऊ नये. शुद्ध तांब्याची मागावी आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

४. वायरवर वेग चांगला, वायफायवर वाईट

अनलिमिटेड प्लॅननंतरच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे निघते. राउटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर, चालतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो आणि भिंतींतून जातो, पण मंद आहे आणि त्यावर गर्दी फार असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण एक-दोन भिंतींत दमतो. अपार्टमेंटमध्ये मोबाइलवर दिसणारी वायफायची यादी उघडून पाहा. शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावे दिसतात. यांतली बहुतेक २.४ वरच असतात आणि त्या बँडवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११.

म्हणून पुढील क्रमाने करा:

- राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तो ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांत टाइप करावा. नक्की पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर मिळतो.
- दोन्ही बँडना वेगवेगळी नावे द्या आणि टीव्ही, लॅपटॉप, रोजचे मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडा. स्मार्ट बल्ब, प्लग आणि जुने प्रिंटर यांना २.४ वर राहू द्या. त्यांतल्या बहुतेकांना ५ दिसतच नाही.
- २.४ साठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळे चॅनेल निवडा. मोकळे कोणते ते वायफाय ॲनलायझर प्रकारच्या मोफत ॲपवर दिसते.
- पासवर्ड बदला. शेजारच्या मुलाला परीक्षेपुरता दिलेला पासवर्ड परीक्षेनंतरही चालूच असतो.

राउटर कुठे ठेवला आहे याचा परिणाम बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. बसवणारा माणूस वायर कमी लागावी म्हणून दाराच्या वरच्या कोपऱ्यात, माळ्यावर किंवा टीव्हीच्या कपाटात राउटर लावून जातो. लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक आणि पाण्याची टाकी हे सगळे वायफायचे शत्रू आहेत. आरसीसीच्या भिंतीतल्या लोखंडी सळया लहरी अडवतात; कोकणातली जाड चिऱ्याची भिंत किंवा जुन्या वाड्याची दगडी भिंत ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ पार करू देत नाही. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ च्याच बँडमध्ये काम करतो, म्हणून जेवण गरम करतानाच व्हिडिओ अडकत असेल तर कारण शोधायला लांब जाऊ नका. राउटर घराच्या मध्याला, छातीच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवावा.

घर मोठे किंवा दुमजली असेल तर वायफाय पुढे पोचवणारा स्वस्त रिपीटर घेण्याचा मोह होतो. एकाच बँडवरचा रिपीटर ऐकण्याचे आणि पुढे पाठवण्याचे काम आळीपाळीने करतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. माझे मत स्पष्ट आहे: भिंतीतल्या पाइपमधून लॅन केबल ओढून दुसऱ्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यासाठी, लावावा. इलेक्ट्रिशियनचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि महागड्या मेश संचापेक्षा, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर वायफाय देणाऱ्या डब्यांपेक्षा, ते टिकाऊ ठरते. मेश घ्यायचाच असेल तर त्याचे डबेसुद्धा शक्य तिथे वायरने जोडावेत.

वायफायचा दोष पडताळण्याची एक खात्रीची चाचणी आहे. संगणकावर पिंग ही आज्ञा (एखाद्या पत्त्याकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते ती दाखवते) वापरून राउटरचाच पत्ता तपासा. राउटर त्याच घरात आहे, त्यामुळे उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवे. तिथेच शंभर-दोनशे मिलिसेकंद लागत असतील किंवा मधली उत्तरे गळत असतील, तर पुरवठादाराला दोष देण्यात अर्थ नाही.

५. ‘अनलिमिटेड’ झाल्यावर घरात काय बदलले, ते शोधा

प्लॅन बदलला की माणसांच्या सवयी आणि यंत्रांच्या सेटिंग दोन्ही बदलतात, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या प्लॅनवर डेटा वाचवण्यासाठी बंद ठेवलेल्या गोष्टी आता चालू होतात. सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढू लागतात, टीव्हीचे चित्र ‘ऑटो’वरून ४के होते, दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग क्लाउडवर जाते, आणि संगणक अपडेट केव्हाही उतरवतो.

यांत कॅमेरा सर्वांत फसवा. १ एमबीपीएसचा सतत अपलोड म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. २ एमबीपीएसचे चार कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर पाठवत असतील तर दिवसाला ८६ जीबी आणि महिन्याला अडीच हजार जीबींहून अधिक जातात. एफयूपीच्या हिशेबात अपलोड बहुधा धरला जातो. अशा घरात ३३०० ची मर्यादाही मोठी राहत नाही आणि हजाराची तर दोन आठवडेही पुरत नाही. कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर किंवा मेमरी कार्डावर ठेवून क्लाउडवर फक्त हालचाल झाल्यावरचे तुकडे पाठवावेत.

डेटाची मर्यादा संपली नसली तरीही अपलोड त्रास देतो. अपलोडची वाट पूर्ण भरली की तुमच्या साध्या विनंत्याही राउटरच्या रांगेत अडकतात, आणि डाउनलोडला भरपूर जागा असूनही प्रत्येक साइट उघडायला वेळ लागतो. काही प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी ठेवलेला असतो. तिथे हे लवकर घडते. ओळखण्याची रीत सोपी आहे. एक मोठी फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर पिंग चालू ठेवा. एरवी दहा-वीस मिलिसेकंद येणारा आकडा काहीशे झाला, तर दोष या रांगेचा आहे. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे वेग वाटून देण्याची, सोय असेल तर अपलोडला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांवर मर्यादा घाला, आणि फोटोंचा बॅकअप रात्री उशिरा चालेल असे ठरवून द्या.

६. फायबर आणि त्याचा डबा

भिंतीवरचा जो डबा फायबर घेतो त्याला ओएनटी म्हणतात. काही घरांत तोच राउटरही असतो. त्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा आणि ‘लॉस’ लिहिलेला दिवा बंद हवा. लॉसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, आणि मग तुमच्या बाजूने पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही. फोटो काढून थेट तक्रार नोंदवा.

दिवे ठीक असूनही जोडणी तुटत-जुळत असेल तर ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ हा आकडा शोधा. तो डबा किती प्रकाश घेतो ते सांगतो. तो उणे डीबीएममध्ये असतो आणि उणे जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असल्यास निश्चिंत राहावे. उणे २७ च्या आसपास गेल्यावर बहुतेक डबे अडखळू लागतात. हा आकडा वहीत टिपून ठेवा, कारण लाइनमन आल्यावर त्याच्या मीटरवर तोच पाहतो आणि तुम्हाला तो ठाऊक आहे हे कळले की बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

घरात प्रकाश गळण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे ओएनटीच्या मागची पातळ पॅच कॉर्ड. ती जास्त लांब असते म्हणून टीव्हीमागे गुंडाळी करून रबरबँडने करकचून बांधलेली असते, किंवा कपाटाच्या दाराखाली दबलेली असते. फायबरला पेन्सिलीभोवती गुंडाळल्याएवढे घट्ट वळण मिळाले की त्यातून प्रकाश बाहेर पडतो. गुंडाळी सोडून पसरट करा आणि पुन्हा आकडा पाहा. मात्र हिरवा प्लग काढून टोकाकडे डोळा लावून पाहू नका; त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. टोकाला बोट लागले तरी घाण बसून जोडणी बिघडते. प्लग काढणे-लावणे लाइनमनवर सोपवावे.

पावसाळ्यात बाहेरच्या खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरणे आणि गणपतीच्या मांडवासाठी वायरी बाजूला करताना फायबर दुमडणे, ही आपल्याकडची ठरलेली कारणे आहेत. तुमच्याच मजल्यावरच्या आणखी कोणाची तीच जोडणी असेल तर त्यांच्याकडे विचारा. दोघांचाही त्रास एकाच दिवशी सुरू झाला असेल तर दोष घराबाहेरचा आहे.

७. वेळेनुसार मोजा

वायरवरही वेग कमी येत असेल, पण आरएक्स पॉवर ठीक असेल, तर आठवडाभर रोज एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास वायर लावूनच मोजणी करा. घरोघरच्या फायबरसाठी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्राच्या एका फायबरवर सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता असते आणि ती स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या यंत्रातून, बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. त्यामागे पुरवठादाराने स्वतः विकत घेतलेली बँडविड्थ असते, आणि लहान पुरवठादार तिथेच हात आखडतात. पहाटे पूर्ण वेग आणि रात्री, विशेषतः क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी, त्याचा चौथा हिस्सा, असे चित्र आठवडाभर दिसले तर राउटर बदलून काहीही साधणार नाही. ही नोंद हीच तुमची तक्रार आहे.

सगळे चांगले चालते आणि केवळ परदेशी साइट रखडतात, असे असेल तर थोडे थांबून पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातही त्याचा परिणाम जाणवला होता, आणि त्या काळात स्थानिक लाइनमनला धारेवर धरून काही उपयोग नव्हता.

८. तक्रार कशी नोंदवावी

१. आधी पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडे तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. नंबर न मिळालेली तक्रार ही तक्रार नव्हे. केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप त्यात मोडत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

२. तक्रारीत चारच गोष्टी लिहा: प्लॅनचा वेग, वायरवर मोजलेले वेग तारीख-वेळेसह, आरएक्स पॉवरचा आकडा, आणि तुम्ही आधीच केलेल्या तपासण्या. ‘राउटर बंद करून चालू केला आहे, वायरने मोजले आहे’ हे पहिल्याच ओळीत लिहिले की दोन-तीन फोन वाचतात.

३. ‘तुमची तक्रार सोडवली आहे’ असा एसएमएस काहीही न करता येतो. तो आला की त्याच दिवशी पुन्हा वायरने मोजा आणि फरक पडला नसेल तर तक्रार पुन्हा उघडायला सांगा.

४. समाधान झाले नाही तर पुरवठादाराच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करा. ते विनाशुल्क असते, ईमेलने करता येते, आणि नियमांनुसार ३९ दिवसांत त्याचा निकाल लागायला हवा. प्राधिकरणाचा पत्ता पुरवठादाराच्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, जरी तो शोधायला वेळ लागत असला तरी.

५. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिथे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. अपिलानंतर केंद्र सरकारच्या लोकतक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही. दूरसंचार सेवांच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकत नाही असे पूर्वी ऐकवले जायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला आहे. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.

पुरवठादार बदलायचे ठरले तर नवी जोडणी सुरू होऊन आठवडाभर वायरने मोजल्यावरच जुनी बंद करा. वर्षाचे पैसे एकदम भरण्याची सवलत पहिल्या महिन्यात घेऊ नका; दाखवलेल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही हिशेबात धरा. जुना ओएनटी आणि त्याचा अडॅप्टर परत करताना सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार ते त्याच पावतीवर लिहून घ्या.